दिव्यांची टोपी: सर्किट सुट्या पट्टीवर शिवा

हाताने शिवलेल्या टोपीवर दिवे बसवायचे ठरलं की पहिली सुई बहुतेक जण थेट टोपीलाच लावतात. टोपी तयार असते, दिवे हातात असतात, मग आणखी एक पट्टी कशाला शिवायची असं वाटतं. पण टोपी घामाने भिजते, दुमडली जाते, काढता-घालताना ताणली जाते आणि कधीतरी धुवावी लागते. सर्किटला यातलं काहीच मानवत नाही. शिवाय गोल माथ्याच्या आत हात घालून बारीक टाके घालणं जिकिरीचं असतं, आणि एखादा दिवा बंद पडला तर अस्तर उसवल्याशिवाय आत बघता येत नाही.

म्हणून इथे सगळं सर्किट फेल्टच्या (दाबून बनवलेल्या जाड कापडाच्या) एका वेगळ्या पट्टीवर आहे. पट्टी टेबलावर सपाट ठेवून शिवायची, तपासायची आणि मग टोपीभोवती बांधायची. टोपी धुवायची तेव्हा पट्टी काढून ठेवायची. आधी नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर चालणारी सहा दिव्यांची साधी पट्टी बघू. तिला ना सोल्डरिंग लागतं ना प्रोग्रामिंग. ती नीट जमल्यावर रंग बदलणाऱ्या दिव्यांकडे वळायचं.

टोपी कोणती असावी

फेल्टची किंवा जाड सुती कापडाची, माथा उभा आणि कड असलेली टोपी सगळ्यात सोयीची. पट्टी कडेवर टेकून बसते आणि खाली घसरत नाही. विणलेली लोकरीची टोपी ताणली जाते, पण वाहक दोरा, म्हणजे ज्यातून वीज वाहते तो धातूचा दोरा, ताणला जात नाही. तिच्यावर सरळ ओळीत टाके घातले तर टोपीला चुण्या पडतात किंवा दोरा तुटतो. अशा टोपीला न ताणणारी पट्टी फक्त पुढच्या अर्ध्या भागावर लावा आणि मागचा भाग ताणायला मोकळा ठेवा. गवताच्या टोपीचं विणकाम दोऱ्याला घासतं, म्हणून तिथेही थेट शिवू नका, पट्टीच वापरा.

पट्टीचं माप डोक्याच्या घेरावरून काढू नका. टोपीच्या बाहेरून, माथा आणि कड जिथे मिळतात तिथे टेप फिरवा. २ मिलिमीटर जाडीच्या फेल्टने घेर सव्वा सेंटीमीटरने वाढतो, आणि अस्तर धरलं तर त्याहून जास्त. डोकं ५७ सेंटीमीटर असेल तर बाहेरचा घेर ५९-६० भरतो. पुढची सगळी मापं ६० सेंटीमीटर घेर धरून दिली आहेत.

सामान

फेल्टची पट्टी: ६४ सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड. यातले ४ सेंटीमीटर एकमेकांवर येऊन बांधण्यासाठी.
पातळ सुती कापडाची तेवढीच पट्टी, मागच्या अस्तरासाठी.
शिवता येणारे एलईडी दिवे ६, सगळे एकाच रंगाचे, रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) आतच बसवलेला. दोन बाजूंना भोकं असतात आणि त्यांच्याजवळ + आणि − छापलेलं असतं. शिवाय २ दिवे जास्तीचे ठेवा.
शिवता येणारा, चालू-बंदचं बटण असलेला बॅटरी होल्डर, २० मिलिमीटरच्या बॅटरीसाठी.
सीआर२०३२ बॅटरी २.
स्टेनलेस स्टीलचा तीनपदरी वाहक दोरा, ३ मीटर.
मोठ्या नेढ्याची भरतकामाची सुई, साधा दोरा, शिंप्याचा खडू, धारदार छोटी कात्री.
रंगहीन नेलपॉलिश.
मगरचिमट्यांच्या तारा (दोन्ही टोकांना चिमटा असलेल्या) किमान ४.
मल्टिमीटर. सगळ्यात साधा चालेल, पण जोडणी तपासताना पीप वाजवणारा हवा.
बांधणीसाठी ४ सेंटीमीटर वेल्क्रो.

कपड्यांवर शिवायचे हे सुटे भाग सहज मिळू लागले ते २००७ साली, लीआ ब्युकली यांनी रचलेला लिलीपॅड हा शिवता येणाऱ्या भागांचा संच स्पार्कफन कंपनीने बाजारात आणला तेव्हापासून. भोकं मोठी, कडा गोल आणि + − स्पष्ट छापलेलं ही त्याची रीत नंतर इतरांनीही उचलली. त्यामुळे वेगवेगळ्या बनावटीचे दिवे आणि होल्डर एकत्र चालतात.

रंग निवडताना बॅटरीचा विचार करा

सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची आणि सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांची. हा आकडा मोठा वाटतो, पण ही बॅटरी थोडा थोडा करंट बराच काळ देण्यासाठी बनलेली आहे. एकदम जास्त मागितला की तिचा व्होल्टेज खाली बसतो.

लाल किंवा पिवळा एलईडी साधारण १.८ ते २.२ व्होल्टला पेटतो. पांढरा, निळा आणि बहुतेक हिरवे पूर्ण तेजासाठी ३ ते ३.४ व्होल्ट मागतात. ३ व्होल्टच्या बॅटरीवर पांढरा दिवा जेमतेम उंबरठ्यावर असतो. १०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर असेल तर तो दोन-तीन मिलिअँपिअर घेतो, आणि अंधारात तेवढा उजेड पुरतो. लाल दिव्याला व्होल्टेज भरपूर शिल्लक असल्याने तो त्याच रेझिस्टरमधून तिप्पट-चौपट करंट ओढतो. म्हणून नाण्याच्या बॅटरीवर पांढरे सहा दिवे आरामात चालतात, पण लाल सहा लावले तर बॅटरीची दमछाक होते. सहा लाल हवेच असतील तर दोन एएए सेलची पेटी लावा. व्होल्टेज ३ च राहतो, पण हे सेल जास्त करंट सहज देतात आणि कितीतरी जास्त वेळ टिकतात.

दोन रंग एका पट्टीवर मिसळू नका. समांतर जोडणीत लाल दिवे बहुतेक करंट ओढून घेतात, बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो आणि निळे-पांढरे आधी मंद होऊन मग विझतात. दिवे बिघडले असं वाटून लोक ते उसवतात, पण दिव्यांत काही दोष नसतो.

वाहक दोरा म्हणजे तार नव्हे

तांब्याच्या तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) या कामात धरायचीही गरज नसते. दोऱ्याचा मात्र धरावाच लागतो. तीनपदरी स्टीलच्या दोऱ्याचा रोध मीटरमागे साधारण ३० ते ३५ ओहम असतो, दोनपदरी दोऱ्याचा ५० च्या आसपास. ४० सेंटीमीटरच्या ओळीत १३ ओहम झाले, आणि करंट + ओळीतून जाऊन − ओळीतून परत येतो, म्हणजे हिशेब दुहेरी.

सहा पांढऱ्या दिव्यांना मिळून १५ मिलिअँपिअर लागतात असं धरा. बॅटरी पट्टीच्या एका टोकाला ठेवली तर शेवटच्या दिव्यापर्यंत पोचताना साधारण ०.२ व्होल्ट वाटेतच संपतात. लाल दिव्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. पांढरा आधीच उंबरठ्यावर असल्याने तो डोळ्यांना दिसेल इतका मंदावतो.

यावर स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे बॅटरी दिव्यांच्या बरोबर मध्ये ठेवणं. प्रत्येक बाजूची लांबी निम्मी होते आणि तिच्यातून जाणारा करंटही निम्मा, म्हणून व्होल्टेजची घट चौथ्या हिश्श्यावर येते: ०.२ ऐवजी ०.०५ व्होल्ट. पट्टीची सगळी मांडणी यावरूनच ठरते. होल्डर डाव्या कानाच्या वर, त्याच्यावर फेल्टचं फूल. दोन्ही बाजूंना तीन-तीन दिवे. पट्टीची बांधणी उजव्या कानाच्या वर, जिथे दिवे नाहीत. फूल म्हणजे निव्वळ शोभा नव्हे. होल्डर झाकायला ते हवंच.

मांडणी आखा

पट्टीची बांधणीची ४ सेंटीमीटर जागा एका टोकाला सोडून उरलेल्या ६० सेंटीमीटरचा मध्य काढा. तिथे होल्डर ठेवा, + ची भोकं वर आणि − ची खाली. मध्यापासून दोन्हीकडे ६, १३ आणि २० सेंटीमीटरवर खडूने खुणा करा. प्रत्येक खुणेवर दिवा उभा ठेवा, + वर, − खाली.

आता वरून एक ओळ आणि खालून एक ओळ खडूने आखा. वरची ओळ सगळ्या + भोकांना जोडते, खालची सगळ्या − भोकांना. दोन ओळींत किमान एक सेंटीमीटर अंतर हवं. दिव्याची भोकं त्याहून जवळ असतील तर ओळी लांबच ठेवा आणि फक्त दिव्यापाशी आत वळवा. होल्डर दिव्यांपेक्षा मोठा असतो, म्हणून तिथे ओळी आपोआप एकमेकींपासून दूर जातात. दोन ओळी कुठेही एकमेकींना ओलांडता कामा नयेत. आखणीत ओलांडावंच लागत असेल तर एखादा दिवा उलटा ठेवला गेला आहे, तो शोधा.

शिवण्याआधी पेटवून बघा

प्रत्येक दिवा आधी बॅटरीला थेट लावून बघा: + बॅटरीच्या सपाट, मजकूर छापलेल्या बाजूला, − दुसऱ्या बाजूला. उलटा लावला तर पेटत नाही, पण ३ व्होल्टने त्याला इजाही होत नाही.

मग मगरचिमट्यांनी होल्डर आणि एक दिवा जोडा, बटण चालू-बंद करून बघा. होल्डरवरचं बटण कुठल्या बाजूला सरकवल्यावर चालू होतं ते फेल्टवर खडूने लिहून ठेवा. फूल लावल्यावर ते बोटांनी चाचपूनच कळणार आहे.

शिवण

१. दिवे आणि होल्डर जागेवर ठेवून साध्या दोऱ्याचे एक-दोन कच्चे टाके घाला. गोंद वापरायचा तर थेंबभरच. भोकांच्या कड्यांवर गोंद गेला तर दोऱ्याचा धातूशी संपर्कच होत नाही.

२. वाहक दोरा १ मीटर कापा. स्टीलच्या दोऱ्याचं टोक लगेच पिंजतं आणि नेढ्यातून जात नाही. टोकाला नेलपॉलिश लावा, बोटांनी पीळ द्या, वाळू द्या आणि मग ओवा. ओवून झाल्यावर कडक झालेलं टोक कापून टाका. मेण मात्र लावू नका. मेणाचा थर दोरा आणि धातू यांच्यामध्ये येतो.

३. वरच्या ओळीच्या एका टोकापासून सुरुवात करा. पहिल्या दिव्याच्या + भोकातून दोरा घट्ट ओढून चार वेळा फिरवा. सगळ्यात जास्त बिघाड याच जागी होतो, म्हणून इथे घाई नको. भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यावर दोरा दाबून बसला पाहिजे. बोटाने दिवा हलवून बघा. तो डुगडुगला तर आणखी एक फेरा घ्या.

४. पुढच्या दिव्यापर्यंत ४-५ मिलिमीटरचा धावदोरा घाला. दोरा तारेसारखा घट्ट ताणू नका. सपाट शिवलेली पट्टी माथ्याभोवती वळवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि घट्ट दोरा दिव्याच्या भोकातून निसटायला लागतो. दर पाच-सहा टाक्यांनी पट्टी हाताने वाकवून बघा; फेल्टला चुणी पडली तर दोरा जरा सैल सोडा.

५. असंच तीन दिवे, होल्डरची + भोकं आणि पलीकडचे तीन दिवे एकाच सलग दोऱ्याने जोडा. होल्डरच्या खालून दोरा नेऊ नका. तो आतून − च्या भोकाला टेकला तर बाहेरून काहीच दिसत नाही.

६. दोरा मध्येच संपला तर जुन्या ओळीवर नवा दोरा ३-४ सेंटीमीटर टाक्यांनी चढवून मग गाठ मारा. नुसती टोकाला टोक गाठ टिकत नाही.

७. गाठ मारताना स्टीलचा दोरा स्प्रिंगसारखा उलगडतो. पहिल्या फेऱ्यात दोरा दोनदा गुंडाळून गाठ मारा, वर आणखी दोन साध्या गाठी मारा. टोकं १ सेंटीमीटर ठेवा, गाठीवर नेलपॉलिशचा थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतरच टोकं कापा. ओल्या पॉलिशमध्ये कापलं की गाठ सुटते.

८. खालची − ओळ अशीच शिवा. ती अगदी वेगळ्या दोऱ्याची असली पाहिजे.

होल्डरला बटण नसेल तर + ओळीत शिवता येणारं वेगळं बटण बसवावं लागतं. तेव्हा होल्डरच्या + पासून बटणाच्या एका भोकापर्यंत एक छोटा दोरा आणि बटणाच्या दुसऱ्या भोकापासून + ओळीपर्यंत दुसरा. हे दोन दोरे एकमेकांना टेकले तर बटण असूनही दिवे कायम चालू राहतात.

बॅटरी घालण्याआधीची तपासणी

मल्टिमीटर जोडणी तपासण्यावर ठेवा. एक टोक होल्डरच्या + भोकाला, दुसरं एकेका दिव्याच्या + भोकाला लावा. पीप वाजला नाही तर रोध मोजून बघा, कारण दोऱ्याचा रोध जास्त असला की काही मीटर वाजत नाहीत. सगळ्यात लांबच्या दिव्यापर्यंत ७-८ ओहम आले तर ठीक. ३०-४० आले किंवा पट्टी हलवल्यावर आकडा नाचायला लागला तर मधलं एखादं भोक सैल आहे.

मग एक टोक + ओळीवर आणि दुसरं − ओळीवर. इथे पीप वाजता कामा नये. एखादा दिवा मिणमिणला तर चालेल, तो मीटरच्या बॅटरीवर पेटतो. पीप वाजला तर शॉर्ट आहे. बहुतेक वेळा गाठीचं टोक किंवा पिंजलेला एखादा बारीक तंतू दुसऱ्या ओळीला टेकलेला असतो. पट्टी उजेडाकडे धरून मागून बघा, तंतू चमकतो.

हे झाल्यावरच बॅटरी घाला. दिवे पेटले की पट्टी एखाद्या उलट्या पातेल्याभोवती गुंडाळा, दोन्ही टोकं ओढून धरा आणि एकेका दिव्यावर बोट दाबा. टेबलावर पेटणारी आणि डोक्यावर विझणारी पट्टी इथेच पकडता येते.

अस्तर आणि बॅटरीची जागा

दोन्ही ओळींच्या मागच्या बाजूला आता अस्तराची पट्टी शिवून घ्या, साध्या दोऱ्याने, काठाकाठाने. अस्तर टाळू नका. घाम खारट असतो, त्यातून करंट वाहतो, बॅटरी विनाकारण उतरते आणि धातू गंजतो. चांदीचा मुलामा दिलेला दोरा वापरला असेल तर तो घामाने काळाही पडतो. पावसात पट्टी वापरायचीच नाही.

नाण्याची बॅटरी लहान मुलाने गिळली तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. असं झाल्याची शंका जरी आली तरी थेट रुग्णालयात न्यावं लागतं. म्हणून लहान मुलाच्या टोपीला नाण्याची बॅटरी लावूच नका. तिथे स्क्रूने बंद होणारं झाकण असलेली दोन एएए सेलची पेटी वापरा. मोठ्यांच्या टोपीतही होल्डरवर फेल्टचा झाकणासारखा तुकडा टिचबटणाने बंद होईल असा लावा, आणि सुट्या बॅटऱ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

उजेड पसरवा, मग सजवा

उघडा एलईडी हा एक टोचणारा ठिपका असतो. समोरच्याला तो नकोसा होतो आणि टोपीचं काम दिसतच नाही. दिव्यावर काहीतरी पसरवणारं हवं: ऑर्गंझाच्या दोन थरांच्या पाकळ्या, पांढऱ्या पातळ फेल्टचा तुकडा, लोकरीचा पिंजलेला गोळा किंवा धुरकट मणी. पांढरा आणि मलई रंगाचा फेल्ट उजेड छान पसरवतो, काळा आणि गडद निळा तो गिळतो. पण गडद फेल्टमध्ये कापून काढलेली नक्षी, मागे पांढरं पातळ कापड आणि त्यामागे दिवा, ही मांडणी अंधारात फार सुंदर दिसते. दिवा आणि पसरवणारा थर यांच्यात ५ ते १० मिलिमीटर अंतर ठेवा. थर दिव्याला चिकटला की ठिपका तसाच राहतो. अंतर मिळालं की पूर्ण पाकळी उजळते.

फूल होल्डरवर कायमचं शिवू नका. वरचा काठ शिवा आणि खालचा टिचबटणाने लावा, म्हणजे बॅटरी बदलता येईल. जर, धातूच्या टिकल्या, धातूचे मणी दोन ओळींच्या आसपास वापरू नका. खऱ्या जरीतून करंट जातो आणि एक जरीचा टाका दोन्ही ओळींना टेकला तर शॉर्ट होतो. प्लॅस्टिकच्या टिकल्या आणि काचेचे मणी निर्धास्त वापरा. गरम गोंदाची बंदूक बॅटरीपासून लांब ठेवा. सजवताना बॅटरी बाहेरच असू द्या.

कडेच्या खालच्या बाजूला दिवे लावायचा मोह आवरा. तो उजेड घालणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो आणि अंधारात पुढची पायरी दिसत नाही.

रंग बदलणारे दिवे

या दिव्यांच्या आत छोटी चिप असते. त्यांना तीन जोडण्या लागतात: वीज (+), ग्राउंड (−) आणि डेटा (रंगाचा आदेश). प्रत्येक दिव्याला वेगळा रंग सांगता येतो. नियंत्रक, म्हणजे दिव्यांना आदेश देणारा छोटा संगणक, म्हणून अ‍ॅडाफ्रूटचा जेमा एम० पट्टीसाठी पुरेसा आहे: २८ मिलिमीटर व्यास, डेटासाठी तीन पिन, बॅटरीचं सॉकेट आणि बटण त्याच्यावरच.

पण इथे वाहक दोरा सोडून द्या. हे दिवे पूर्ण पांढरे असताना प्रत्येकी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतात. आठ दिवे म्हणजे ४८० मिलिअँपिअर. इतका करंट दोऱ्यातून न्यायचा तर वाटेतच सगळा व्होल्टेज संपतो आणि शेवटचे दिवे लालसर होऊन भरकटायला लागतात. सिलिकॉनचं आवरण असलेली, बारीक तंतूंची ३० गेजची तार घ्या. ती मऊ असते आणि वारंवार वाकून तुटत नाही. यासाठी सोल्डरिंग शिकावं लागेल. स्टीलच्या दोऱ्याला साधा सोल्डर धरत नाही, म्हणून दोरा आणि तार एकत्र करण्याच्या फंदात पडू नका.

दोन दिव्यांमधली तार अंतरापेक्षा १ सेंटीमीटर जास्त कापा. तार तुटते ती नेहमी सोल्डरच्या लगेच पुढे, म्हणून सांध्यापासून ५ मिलिमीटरवर साध्या दोऱ्याने तार फेल्टला बांधून टाका. दिव्यावरचा बाण डेटाची दिशा दाखवतो. सगळे बाण नियंत्रकापासून दूर जाणारे हवेत. एक जरी उलटा बसला तर तो आणि त्याच्यापुढचे सगळे अंधारात. नियंत्रक आणि पहिला दिवा यांच्यामधल्या डेटाच्या तारेत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर घाला.

विजेसाठी तीन एएए सेलची पेटी, म्हणजे ४.५ व्होल्ट. जेमाचा डेटा ३.३ व्होल्टचा असतो आणि दिव्याला पुरवठ्याच्या ७० टक्के तरी डेटा हवा असतो, ४.५ चे ७० टक्के म्हणजे ३.१५, तेव्हा हिशेब जुळतो. ५ व्होल्ट दिले तर ३.५ लागतात आणि दिवे कधी चालतात, कधी चालत नाहीत. पेटी जड असते, ती टोपीच्या आत मागच्या बाजूला, अस्तराच्या खिशात बसवा. बाजूला लावली तर टोपी तिकडे कलते.

लिथियम पॉलिमरची चपटी बॅटरी हलकी असते, पण पहिल्या कामाला ती नको. तिला मऊ पाकीट असतं, सुई टोचली किंवा टोपीवर कोणी बसलं तर ती पेट घेऊ शकते, आणि शॉर्ट झाल्यास ती काही अँपिअर करंट एका दमात सोडते.

प्रोग्राममध्ये आधी तीनच गोष्टी लिहा: दिव्यांची संख्या, डेटाची पिन आणि उजेडाची मर्यादा २० टक्के. मर्यादा घातली की आठ दिवे मिळून १०० मिलिअँपिअरच्या आसपास राहतात, आणि डोळ्यांनाही तेवढंच बरं वाटतं. पहिल्या चाचणीत एकेक दिवा लाल, हिरवा, निळा पेटवा. लाल सांगितल्यावर हिरवा पेटला तर जोडणी बरोबर आहे, फक्त प्रोग्राममधला रंगांचा क्रम बदलायचा आहे. मग दोन-तीन सेकंदांत हळूहळू चढणारा-उतरणारा उजेड करा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा उजेड ठेवू नका. प्रकाशाने झटका येणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांना तो घातक ठरू शकतो, आणि टोपी घालून तुम्ही गर्दीत जाणार आहात.

बिघाड कुठे शोधायचा

एकही दिवा पेटत नाही: बॅटरी उलटी आहे का बघा, मग होल्डरच्या दोन भोकांवर व्होल्टेज मोजा. ३ च्या आसपास आला तर दोष होल्डरच्या पुढे, पहिल्या टाक्यांत आहे. काहीच आला नाही तर बटण किंवा होल्डरची पत्ती. १ व्होल्टपेक्षा कमी आला तर शॉर्ट किंवा संपलेली बॅटरी. बॅटरी बाहेर काढून मोजली की दोन्हींतलं कोणतं ते कळतं.

बॅटरी कोमट लागते: लगेच काढा. शॉर्ट सापडेपर्यंत परत घालू नका.

एकाच बाजूचे शेवटचे दोन दिवे बंद: शेवटचा पेटणारा आणि पहिला बंद दिवा यांच्यामधले टाके तपासा. बहुधा पेटणाऱ्या दिव्याच्याच भोकात दोरा सैल असतो.

मधलाच एक बंद, बाकी चालू: तो उलटा शिवला आहे किंवा त्याचं एक भोक सैल आहे. चिमट्यांच्या तारांनी त्याला थेट बॅटरी द्या. पेटला तर टाके दोषी. उसवताना + आणि − दोन्ही ओळी न कापता फक्त त्या दिव्याचे फेरे कापा आणि नवा दोरा दोन्हीकडे ३-४ सेंटीमीटर चढवून शिवा.

सगळे मंद, पण सारखेच: बॅटरी उतरली. पांढऱ्या दिव्यांना २.८ व्होल्टच्या खाली फारसा उजेड उरत नाही. बॅटरीत शक्ती शिल्लक असते, पण या दिव्यांच्या कामाची नसते. ती एका लाल दिव्याला किंवा घड्याळाला वापरा.

रंगीत दिवे मध्येच वेडेवाकडे रंग दाखवतात: ग्राउंडची तार सुटली आहे किंवा डेटाचा सांधा कच्चा आहे. पहिल्या चुकीच्या दिव्याच्या आधीच्या सांध्यापासून सुरुवात करा.

ठेवताना बॅटरी बाहेर काढा, कारण रंगीत दिवे काळे असतानाही थोडा करंट घेत राहतात आणि जुने सेल गळले तर होल्डर खराब होतो. पट्टी घडी न घालता गोल गुंडाळून ठेवा. मळली तर ओलसर फडक्याने पुसा आणि बॅटरी घालण्याआधी पूर्ण एक दिवस वाळू द्या.